लेंकरूं विचारील तेव्हां

(घरच्या उपासनेसाठीं धडा)

शास्त्रवाचन : निर्गम १२:२४-२७, अनुवाद ६:४-९ व २०-२५, यहोशवा ४:१-७.

सोलापूर जिल्ह्यांत करमाळें तालुक्यांत केम नांवाचें गांव आहे. जेऊर व कुर्डुवाडी ह्यांच्या मध्यें, रेल्वेच्या मार्गावर तें वसलें आहे. तेथील कुंकूं प्रसिद्ध आहे, आणि गांवांत उत्तरेश्वराचें देऊळ आहे. अशा गांवांत एक ख्रिस्ती कुटुंब राहत आहे असें समजा. त्या घरची सात वर्षांची मुलगी शाळेंतून येते व विचारते, “आई, साऱ्या बायका कुंकूं लावतात, तूं कां लावीत नाहींस? साऱ्या पोरी देवळांत जातात, आपण कां जात नाहीं?”

प्रिय वाचकहो, ह्या प्रश्नास आपल्या घरीं कोणतें उत्तर मिळेल? कुंकूं लावावें कीं लावूं नये, ह्या वादांत आज आपणांस शिरावयाचें नाहीं. त्याविषयीं ख्रिस्ती लोकांत निरनिराळे विचार आहेत. आपला विषय इतकाच कीं, लेंकरानें विचारिलें म्हणजे आईबापांनीं काय करावें?

बहुधा तीन प्रकारचीं उत्तरें कानीं पडतात. पहिलें, “गप्प बैस, मोठी झालीस म्हणजे कळेल.” दुसरें, “आपल्यांत तसें चालत नाहीं.” तिसरें, “ते लोक अज्ञानी आहेत, त्यांचें काय घेऊन बसलीस?” पहिल्यानें मुलाचें तोंड बंद होतें. दुसऱ्यानें त्यास वाटतें कीं, ख्रिस्ती होणें म्हणजे कांहीं गोष्टी न करणें, इतकेंच. तिसऱ्यानें तें शेजाऱ्यास तुच्छ मानावयास शिकतें. ह्या तिहींत प्रभु येशूचें नांवही आलें नाहीं, हें ध्यानांत घ्यावें.

आतां पवित्र शास्त्राकडे वळूं.

१. मुलांनीं विचारावें अशी देवाची इच्छा आहे. वल्हांडणाचा विधि लावून देतांनाच देवानें सांगून ठेविलें कीं, पुढें तुमचीं मुलें ह्याचा अर्थ विचारतील, तेव्हां त्यांस सांगा. यार्देन नदी उतरल्यावर पात्रांतून बारा धोंडे उचलून आणविले, तेही मुलांनीं पाहून विचारावें म्हणून. ह्यावरून लेंकराचा प्रश्न म्हणजे उद्धटपणा नव्हे, हें उघड होतें. तो देवानें उघडलेला दरवाजा आहे. जो बाप तो लोटून बंद करितो, त्यास पुढें तो उघडावा असें वाटलें, तरी मूल दाराशीं उभें असेलच असें नाहीं. लहानपणीं जें विचारूं दिलें नाहीं, तें मूल मोठेपणीं दुसऱ्यास विचारतें.

२. विचारण्याजोगें कांहीं तरी घरांत असलें पाहिजे. धोंडे रचलेच नसते, तर मुलांनीं काय विचारिलें असतें? ज्या घरीं जेवणापूर्वीं कोणी डोकें लववीत नाहीं, रात्रीं शास्त्र उघडलें जात नाहीं, आजाऱ्यासाठीं प्रार्थना होत नाहीं, त्या घरचें मूल शेजारच्या दिव्याविषयींच विचारील. आपल्या घरींही दिवा असूं द्या. अनुवादाच्या सहाव्या अध्यायांत शिक्षणाच्या वेळा नेमल्या आहेत, त्या पाहा : घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां. शेतावर जाणाऱ्या कुणब्यास व मजुरीस जाणाऱ्या बाईसही ह्या वेळा सांपडतात.

३. उत्तर कसें द्यावें? हें फार महत्त्वाचें आहे. त्याच अध्यायाच्या विसाव्या ओवीपासून पुढें वाचा. मुलगा विचारतो नियमांविषयीं, आणि बापास सांगितलें आहे कीं, त्यास गोष्ट सांग. आम्ही मिसर देशांत फारोचे दास होतों व देवानें आम्हांस हात धरून बाहेर काढिलें, हें त्यानें अगोदर सांगावें. नियम त्याच्या मागून येतो. देवानें आपणांसाठीं काय केलें हें ज्या मुलास ठाऊक आहे, त्यास आपण अमुक कां करितों हें समजावयास वेळ लागत नाहीं.

तर मग केमच्या त्या मुलीस काय सांगावें? एखाद्या घरचें उत्तर असें असेल : “बाळ, तुझ्या आजोबांना कोणी पंगतीस बसूं देत नसे, कीं विहिरीवर चढूं देत नसे. एके दिवशीं एक उपदेशक आला. तो आपल्या ओसरीवर बसला व आजोबांच्या हातचें पाणी प्याला. मग त्यानें येशूची गोष्ट सांगितली. आपल्याला हात धरून जवळ घेणारा देव आहे, हें आजोबांना त्या दिवशीं कळलें. म्हणून आपण त्याचीच भक्ति करितों. आणि तुझ्या मैत्रिणींवरही त्याची तशीच माया आहे, म्हणून त्यांच्याशीं भांडूं नकोस.” ह्या उत्तरांत कोणाची निंदा नाहीं. आपल्या आशेचें कारण सौम्यतेनें सांगावें असें पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५). तें परक्यांस जसें, तसें आपल्या लेंकरांसही लागू आहे.

परंतु येथें एक कठीण प्रश्न उभा राहतो. आजोबांची गोष्ट आहे. आपली स्वतःची आहे काय? बाप मंडळीच्या पटावर नांव असलेला, पण देवानें आपणांसाठीं काय केलें हें त्यास सांगतां येत नाहीं, असें असेल तर लेंकराचा प्रश्न बापाचीच परीक्षा होऊन बसतो. अशा वेळीं खोटें उत्तर देऊं नये. “बाळ, मलाही हें नीट सांगतां येत नाहीं, चल, आपण दोघे मिळून वाचूं व प्रार्थना करूं,” असें म्हणणारा बाप लाजिरवाणा होत नाहीं. कदाचित् त्याच रात्रीं त्याची स्वतःची गोष्ट सुरू होईल.

कोणी म्हणेल, “आम्हांस वाचतां येत नाहीं,” किंवा “घरांत मी एकटीच विश्वासणारी आहें.” तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता, पण आजी लोईस व आई युनीके ह्यांचा विश्वास त्याच्यांत उतरला (प्रेषितांचीं कृत्यें १६:१, २ तीमथ्य १:५). एका मातेनें किती होतें, ह्याचें उदाहरण आपल्याच रेल्वेच्या वाटेवर आहे. केमहून पुण्यास जातांना दौंडच्या पुढें केडगांव लागतें. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं लोकांचा विरोध सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, व तिनें तें मुलीस दिलें. दिवसा घरकामांतून सवड नसे. म्हणून ती माता पहाटे, निजलेल्या मुलीस गोंजारून उठवी व पाठ देई. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेलें आपलें इंग्रजी पुस्तक रमाबाईंनीं ह्याच मातेस अर्पण केलें.

ती माता ख्रिस्ती नव्हती, व तिनें शिकविलीं तीं पुराणें होतीं. तरी तिची पहाट वायां गेली नाहीं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं झाला. आणि उत्तरवयांत त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मूळ भाषांवरून सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या प्रभूकडे गेल्या व १९२४ सालीं तें सर्व शास्त्र छापून प्रसिद्ध झालें. पुराणांसाठीं जी आई पहाटे उठली, तिच्यापेक्षां आपण शुभवर्तमानासाठीं उशिरां उठावें काय?

केमच्या लोकांस एक गोष्ट ठाऊक आहे. हळद मूळची पिवळी. तिला चुन्याचें पाणी लागलें कीं ती लाल होते. वरून रंग फांसलेला नसतो, हळदच पालटते. मुलांवर ख्रिस्ती चालीरीति वरून फांसल्या तर पहिल्या पावसांत धुऊन जातील. देवाच्या उपकारांची गोष्ट अंतःकरणास लागली म्हणजे माणूसच पालटतें.

ह्या आठवड्यांत करावयाचें :

(१) एके रात्रीं दिवा लागल्यावर, आपल्या घराण्यांत शुभवर्तमान प्रथम कोणी ऐकिलें व कसें, हें मुलांस सांगा. वाचतां येत नसेल त्यानें तोंडी सांगावें, व शाळेंत जाणाऱ्या मुलानें त्या रात्रींचा शास्त्रभाग वाचावा.

(२) गोष्ट झाल्यावर मुलांस विचारूं द्या, व मध्येंच रागावूं नका.

(३) उपदेशकबंधूंनीं रविवारीं मंडळींत विचारावें : ह्या आठवड्यांत लेंकरांनीं काय विचारिलें? ज्या प्रश्नाचें उत्तर घरीं देतां आलें नाहीं, तो सर्वांनीं मिळून शास्त्रांत शोधावा.

प्रार्थना : हे प्रभो, आमचीं लेंकरें आम्हांस विचारतील तेव्हां आमच्यापाशीं सांगण्याजोगी तुझी गोष्ट असूं दे. आमेन.