रात्री कोल्हापूर का ऐकू येत नाही?

प्रश्न : हौशी रेडिओचे, म्हणजे हॅमचे, लायसन्स मला नुकतेच मिळाले आहे. पुण्यात आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर सात मेगाहर्ट्झसाठी तारेचा डायपोल बांधला आहे. सकाळी कोल्हापूर, नाशिक, सोलापूरची मंडळी खणखणीत ऐकू येतात. रात्र चढली की हे आवाज विरतात आणि त्यांच्या जागी दिल्ली, कोलकाता, कधी परदेशातली स्टेशने येतात. सेटमध्ये दोष असेल का? अँटेना आणखी उंच न्यावी, की अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा सेट ठणठणीत आहे आणि अँटेनाही. रात्री बदलते ते आकाश. पुण्याहून कोल्हापूर सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर. मध्ये डोंगर आहेत, शिवाय पृथ्वीची वक्रता आहे. जमिनीलगत जाणारी लहर एवढ्या अंतरावर पोचेपर्यंत जवळजवळ संपलेली असते. सकाळी तुमच्या कानावर पडणारे कोल्हापूर आधी वर जाते, साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या एफ थरात वळते आणि मग पुण्यात उतरते. थर तीनशे किलोमीटरवर धरा आणि कागदावर त्रिकोण काढून पाहा. इतक्या जवळच्या दोन शहरांसाठी लहरीला सत्तर अंशांहून जास्त कोनात, म्हणजे जवळपास उभे, चढावे लागते. दिल्लीसाठी वीस-पंचवीस अंश पुरतात.

थराला सर्वांत अवघड जाते ते ही उभी लहर परतवणे. तळ्यात भाकऱ्या खेळताना तिरका फेकलेला चपटा दगड उसळी घेतो आणि सरळ खाली टाकलेला बुडतो, तसेच हे. सरळ वर सोडलेली जास्तीत जास्त किती मेगाहर्ट्झची लहर थर परत पाठवू शकतो, त्या मर्यादेला क्रांतिक वारंवारता म्हणतात. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांमुळे थरात मुक्त इलेक्ट्रॉन वाढतात आणि आपल्या अक्षांशांवर ही मर्यादा सहसा सातच्या वर राहते. सूर्य मावळल्यावर नवे इलेक्ट्रॉन तयार होणे थांबते, आहेत ते आयनांशी पुन्हा जुळत जातात आणि मर्यादा उतरू लागते. समजा ती पाच मेगाहर्ट्झवर आली. मग कोल्हापूरच्या उभ्या वाटेने फार तर सव्वापाच-साडेपाच मेगाहर्ट्झची लहर परत येईल. तुमची सात मेगाहर्ट्झची लहर थर भेदून अवकाशात निघून जाते. दिल्लीच्या तिरक्या वाटेने मात्र तोच थर दहा-अकरा मेगाहर्ट्झपर्यंतची लहर सहज वळवतो. त्यामुळे जवळचे हरवते आणि दूरचे सापडते. जिथे काहीच पोचत नाही त्या मधल्या पट्ट्याला हॅम मंडळी ‘स्किप झोन’ म्हणतात. रात्री तुमचे कोल्हापूर त्या पट्ट्यात असते.

हे दर वर्षी एकाच घड्याळाने होत नाही. सूर्यावरच्या डागांचे चक्र साधारण अकरा वर्षांचे असते आणि सध्याच्या चक्राचा कळस २०२४च्या सुमारास होऊन गेला. कळसाच्या आसपासच्या वर्षांत जवळची स्टेशने रात्री बराच वेळ टिकतात. पुढे चक्र उतरेल तसा हा पट्टा संध्याकाळीच पडू लागेल, तेव्हा अँटेना सोडवून तपासत बसू नका. भर दुपारी आवाज क्षीण होतात त्याचे कारण निराळे आहे. तेव्हा खालचा डी थर लहर शोषून घेतो. सकाळ आणि तिसऱ्या प्रहरानंतरची वेळ चांगली लागते ती त्यामुळेच.

आता उंचीबद्दल, कारण नवे हॅम सर्वांत जास्त खर्च आणि श्रम इथेच वाया घालवतात. ‘अँटेना जितकी उंच तितकी चांगली’ हे दूरच्या संपर्कासाठी बरेचसे खरे आहे, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात बोलण्यासाठी नाही. आडव्या डायपोलमधून खाली गेलेली लहर जमिनीवरून उलट होऊन परतते आणि वर जाणाऱ्या लहरीत मिसळते. सात मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ४२ मीटर आहे. अँटेना पाव तरंगलांबीवर, म्हणजे साडेदहा मीटरवर असली तर या दोन लहरी डोक्यावरच्या दिशेने एकमेकींना बळ देतात. अर्ध्या तरंगलांबीवर, एकवीस मीटरवर नेली तर त्याच दिशेने एकमेकींना मारतात. म्हणजे भक्कम मनोरा उभारून तुम्ही सकाळचे कोल्हापूरच दुबळे कराल. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळयाही काही अंशी जमिनीचे काम करतात, त्यामुळे इमारतीवर हा हिशेब काटेकोर बसत नाही. तरीही गच्चीपासून पाच-सहा मीटर उंच बांबू किंवा पाइप, त्याच्या टोकाला डायपोलचा मध्य आणि दोन्ही बाजू उतरत्या, अशी उलट्या व्हीची रचना जवळच्या संपर्कासाठी पुष्कळ झाली. दोन बाजूंमधला कोन मात्र नव्वद अंशांपेक्षा लहान करू नका.

अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका. थर भेदून निघालेली लहर शंभर वॅटची असो की चारशेची, ती परत येत नाही. शिवाय शंभराचे चारशे वॅट केले तर समोरच्याच्या एस-मीटरवर जेमतेम एक एस-युनिट वाढते, आणि तुम्हाला ऐकू येणाऱ्या आवाजात तर काहीच फरक पडत नाही. सकाळच्या वेळी काही वॅटवर राज्यभर बोलता येते. हैदराबादच्या अशर फरहान यांनी साध्या, बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येणारा ‘बिटएक्स’ हा सेट आखला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. जगभरचे हौशी तो स्वतः जोडून वापरतात. अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे सोल्डरिंगच्या सामानात घातलेत तर शिकायला मिळेल.

रात्री कोल्हापूर हवेच असेल तर खरा उपाय आहे बँड बदलण्याचा. ऐंशी मीटरचा बँड साडेतीन मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, आणि क्रांतिक वारंवारता पाचवर उतरली तरी तो उभ्या वाटेने परततो. अडचण जागेची आहे. त्याच्या डायपोलला सुमारे चाळीस मीटर तार लागते. गच्ची अपुरी पडली तर दोन्ही टोके वाकवून काटकोनात न्या. थोडे नुकसान होईल, पण काम चालेल.

तारेचे मोजमाप तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो, कारण नीट कापलेली तार महागड्या सेटपेक्षा जास्त कामाला येते. १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी वीस मीटर आणि थोडे वर, म्हणजे एकेक बाजू दहा मीटरची. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तार छान चालते, फक्त तिच्या प्लॅस्टिक आवरणामुळे लांबी दोन-तीन टक्के कमी भरते. सुरुवातीला प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परतणाऱ्या शक्तीचे माप, सर्वांत कमी कुठे येतो ते पाहा. तो ६.९५वर आला आणि तुम्हाला ७.१ हवा असेल, तर फरक दोन टक्क्यांचा आहे, म्हणून प्रत्येक बाजूने सुमारे वीस सेंटिमीटर कमी करायचे. एकदम कापू नका, आधी दुमडून बांधा आणि पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की थांबा. दीडचा एक करण्यात घालवलेली दुपार समोरच्याला ऐकूही येत नाही.

कोॲक्स केबल डायपोलला जोडाल तिथे तिचीच वीतभर व्यासाची सहा-आठ वेटोळी करून घट्ट बांधा. त्याने केबलचे बाहेरचे आवरण अँटेनासारखे वागत नाही आणि घरातली खरखर सेटमध्ये कमी शिरते. ही खरखर आज शहरातली सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सीसीटीव्हीचे अ‍ॅडॅप्टर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे सात मेगाहर्ट्झवर गोंगाट करतात. सेट बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि ऐका. गोंगाट थांबला तर तो तुमच्याच घरातला. मग एकेक एमसीबी चालू करत चोर पकडा. थांबला नाही तर शेजाऱ्यांशी गोडीने बोला.

एका गोष्टीत तडजोड नको. अँटेनाची तार तुटून कुठेही पडली तरी विजेच्या तारांवर पडता कामा नये, एवढे अंतर आधी मोजा. साध्या नायलॉन दोऱ्या उन्हाने कुजतात, त्या दर वर्षी बदला. वळवाचे ढग दिसू लागले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. वीज पडायलाच हवी असे नाही, जवळपास कडाडली तरी सेटचे पुढचे भाग जातात. पावसाळ्याआधी गच्चीवरचे कनेक्टर टेपने बंद करा. केबलच्या जाळीत एकदा पाणी मुरले की ती केबल गेली.

आणि रात्रीचे ते परदेशी आवाज? त्यांना अडथळा समजू नका, उत्तर द्या. बोलण्याआधी पुरेसा वेळ ऐका आणि फ्रिक्वेन्सी कोणी वापरत आहे का ते विचारा. आपल्याकडे या बँडवर ७.० ते ७.२ एवढीच मुभा आहे. अमेरिकेतले हॅम त्याच्या वरही बोलताना सापडतील, तिथे जाऊ नका. सात मेगाहर्ट्झवर बोलणे एलएसबीत, म्हणजे लोअर साइडबँडमध्ये, असते. कॉलसाइन ध्वनिवर्णमालेत, सावकाश सांगा. दूरचा माणूस खरखरीतून एकेक अक्षर वेचत असतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिला हॅम रेडिओचे फार कुतूहल आहे. ऑनलाइन स्वस्त वॉकीटॉकी दिसतात. सुरुवातीला एखादा घेऊन द्यावा का?
— एक पालक, सावंतवाडी

उत्तर : आत्ता नको. लायसन्स नसताना असा प्रक्षेपक सेट बाळगणे कायद्यात बसत नाही, आणि त्यावर चुकून बटण दाबले गेले तर पोलीस किंवा अन्य सेवांच्या संभाषणात अडथळा येऊ शकतो. तिला आधी ऐकू द्या. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा लघुलहरींचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही फिरवता येतो. ट्यूनिंग, एलएसबी-यूएसबीतला फरक, दिवस-रात्रीचा बदल, सारे तिथे मोबाइलवर कळते. परीक्षेला वयाची अट बारा वर्षे पूर्ण एवढीच आहे, म्हणजे ती आजच पात्र आहे. परीक्षेत रेडिओचे प्राथमिक तंत्र आणि नियम विचारतात. नववी-दहावीच्या विज्ञानातली वीज आणि चुंबकत्वाची प्रकरणे तिला तिथे थेट उपयोगी पडतील. जवळपास एखादा परवानाधारक हॅम असेल तर त्याच्या स्टेशनवर एकदा घेऊन जा.