उसाच्या फडात सेन्सर: खर्च सेन्सरचा कमी, रेंजचा जास्त

मातीतला ओलावा मोबाइलवर दाखवणारी ‘लोरा’ यंत्रणा घ्यायची, तर विक्रेता आधी पत्रक दाखवतो: ‘रेंज 10 किलोमीटर’. हा आकडा मोकळ्या माळावरचा. डोक्याच्या वर गेलेल्या, पावसाने निथळणाऱ्या उसात तोच सिग्नल काहीशे मीटरवर दम तोडू शकतो. ओली पानं सिग्नल पितात.

रेंज निम्मी, खर्च चौपट
एका गेटवेची (सेन्सरचे संदेश गोळा करणारी पेटी) रेंज सगळीकडे 500 मीटर मिळाली, तर कागदावर सुमारे 194 एकर झाकले जातात. रेंज 250 मीटरवर आली की उरतात फक्त 48. समजा गेटवे, खांब, सोलर मिळून ₹40,000 पडतात. मग तेवढ्याच शिवाराला ₹40,000 ऐवजी ₹1,60,000 लागतील. वर्तुळं एकमेकांवर चढतात, म्हणून त्याहून जास्तच.

आधी चाचणी
दोन चाचणी बोर्ड साधारण तीन-पाच हजारांत येतात. एक गेटवेच्या नियोजित जागी उंचावर बांधा, दुसरा सेन्सरच्या उंचीवर धरून फडात फिरा. बांध, विहीर, सखल कोपरा अशा प्रत्येक ठिकाणाहून 100 संदेश पाठवा. 95 पोचले तर जागा पक्की. 80च पोचले तर तिथे वेगळी सोय लागेल. चाचणी पावसाळ्यात, ऊस वाढलेला असताना घ्या. तोडणीनंतर घेतलेली चाचणी फसवते.

पैसे कुठे घालावेत
- खांबात. 866 मेगाहर्ट्‌झला 1 किलोमीटरच्या मध्यावर सिग्नलला सुमारे 9 मीटर त्रिज्येची जागा लागते. त्यातली निदान 60 टक्के मोकळी हवी. दुसरा गेटवे घेण्याआधी पहिला उंच करून पाहा.
- अँटेनात. सेन्सरचा प्रोब मातीत, अँटेना मात्र उसाच्या शेंड्यावर.
- भारतात परवान्याविना चालणाऱ्या 865 ते 868 मेगाहर्ट्‌झच्याच उपकरणात. परदेशी 915 चं स्वस्त मिळालं तरी नको.

छुपा खर्च
सिग्नल क्षीण असला की सेन्सर तोच संदेश सावकाश पाठवतो. सर्वांत संथ पद्धतीत वेळ वीस-पंचवीस पट लागतो. बॅटरीही लवकर संपते, आणि ती बदलायला भर फडात शिरावं लागतं. गेटवेतल्या सिमचं रिचार्ज, वार्षिक देखभाल वेगळी.

कोटेशनवर एक ओळ लिहून घ्या: ‘उभ्या उसात 95 टक्के संदेश पोचल्यावरच शेवटचा हप्ता.’ विक्रेता या ओळीला कचरला, तर त्याच्या 10 किलोमीटरची किंमत तुम्हाला कळली.