तिसरं भोक पाडण्याआधी

डब्याला तिसरं भोक मी आधी पाडलं आणि सर्किट नंतर जोडलं. इथेच पहिली चूक झाली. ॲल्युमिनियमच्या डब्याला एकदा भोक पडलं की ते बुजत नाही, आणि मग त्या भोकासाठी काहीतरी बसवायचंच असा हट्ट सुरू होतो.

मी बनवत असलेलं गिटारचं पेडल फझ फेसच्या धर्तीवरचं होतं. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणलेल्या या सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर-कपॅसिटर आणि दोनच नॉब, एक आवाजाचा, एक फझचा. टोनचा नॉब मुळातच नाही. मी सिलिकॉनचे बीसी १०८ वापरले होते. आवाज दमदार निघाला, पण वरच्या पट्टीत कानाला टोचायचा. म्हणून टोनचा नॉब हवा होता, आणि त्यासाठीच ते तिसरं भोक.

मी बिग मफ या दुसऱ्या फझ पेडलमधला टोनचा भाग जसाच्या तसा उचलला. एका वाटेवर ३९ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, दुसरीवर ३.९ नॅनोफॅरड आणि २२ किलोओहम, मधे १०० किलोओहमचा पॉट. पहिल्या दिवशी नॉब खर्जाकडे नेला की नुसता गढूळ घुमका ऐकू यायचा. दोन संध्याकाळी सोल्डर तपासण्यात गेल्या. शेवटी भिंगाखाली कपॅसिटर पाहिला, तर त्यावर १०४ छापलेलं. १०३ म्हणजे १० नॅनोफॅरड, १०४ म्हणजे १००. तिसरा आकडा शून्यं किती ते सांगतो, आणि त्या एका शून्याने फिल्टरची सीमा ४०० हर्ट्झवरून ४० वर नेली होती. तेव्हापासून प्रत्येक कपॅसिटर लावण्याआधी मी त्यावरचा आकडा मोठ्याने वाचतो.

तो चुकीचा कपॅसिटर बदलला. घरी एकट्याने वाजवताना आवाज गोड लागला. तालमीत मात्र ड्रम आणि बेस सुरू झाल्यावर मी पेडल दाबलं आणि गिटार जणू खोलीबाहेर गेली.

कारण साधं आहे. या जोडणीत एक वाट सुमारे ४०० हर्ट्झच्या वरचं कापते, दुसरी १८०० च्या खालचं. नॉब मधोमध असताना १ किलोहर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, आणि बँडमध्ये गिटार उठून दिसते ती नेमकी तिथेच. शिवाय अशी जोडणी सिग्नल फक्त खर्च करते, काही परत देत नाही. बिग मफमध्ये टोनच्या मागे आणखी एक ट्रान्झिस्टर हा तोटा भरून काढतो. मी तोच वगळला होता. कुणाच्या सर्किटचा तुकडा उचलताना त्याच्या मागेपुढे काय आहे ते बघा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग मी साधी वाट धरली. फझच्या आउटपुट कपॅसिटरनंतर १० किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ५० किलोओहमचा पॉट आणि १० नॅनोफॅरड जमिनीला, पुढे आवाजाचा पॉट. नॉब पूर्ण वळवला की १६०० हर्ट्झच्या वरचं उतरत जातं, मधला आवाज जागेवर राहतो. एक गोष्ट विसरू नका. मूळ सर्किटमध्ये आउटपुटचा कपॅसिटरही १० नॅनोफॅरडचाच असतो. तो तसाच ठेवला तर नॉब पूर्ण वळवल्यावर दोन्ही कपॅसिटर सिग्नल निम्मा-निम्मा वाटून घेतात आणि खर्जासकट सगळाच आवाज बसतो. तिथे १०० नॅनोफॅरड घाला.

टोन फझच्या आधी, इनपुटला लावायचा मोह होईल. लावू नका. फझ फेस गिटारच्या पिकअपशी थेट बोलतो. गिटारचा आवाज जरा कमी केला की फझ निवळतो, ही त्याची सगळ्यात देखणी गोष्ट, आणि मधे काही घातलं की ती बिघडते.

आता मी सगळं आधी ब्रेडबोर्डवर जोडतो, तारा डब्याबाहेर लोंबत ठेवून तालमीला नेतो. ड्रमर वाजवत असताना पेडल चालू-बंद करून बघतो. दोन्हीकडे गिटार सारखीच ऐकू आली, की मगच ड्रिल हातात घेतो.