स्पष्ट बोलणारा पुढारी नेमकं कुणाला स्पष्ट बोलतो?

प्रश्न : निवडणुकीच्या दिवसांत आमच्या अनसिंगला सभा झाली. वक्त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मला गोडगोड बोलता येत नाही. मी मनातलं तोंडावर बोलतो, कुणाला झोंबलं तर झोंबू द्या." पुढं तो बरंच काही बोलला आणि टाळ्याही खूप पडल्या. माझा पुण्यात शिकणारा भाचा सोबत होता. तो म्हणाला, "मामा, पोलिटिकल करेक्टनेसला शिव्या द्यायचा हा ठरलेला डाव आहे." मला तर माणूस सच्चा वाटला. स्पष्ट बोलण्यात डाव कसला? आणि ही पोलिटिकल करेक्टनेसची भानगड तरी काय आहे?
— एक वाचक, अनसिंग (जि. वाशीम)

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गाठी आहेत. आधी सोपी सोडवू.

पोलिटिकल करेक्टनेसला मराठीत रुळलेला शब्द नाही. कुणी ‘राजकीय औचित्य’ म्हणतात, पण तो शब्द पुस्तकातच राहिला. गोष्ट मात्र तुमच्या ओळखीची आहे. एखाद्या जातीला, धर्माला, बाईला किंवा शरीरानं अधू माणसाला कमीपणा आणणारा शब्द चारचौघांत वापरायचा नाही, एवढंच. २ डिसेंबर २०२० ला राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यासाठी सुचवली गेली. पोरानं पत्ता सांगितला की त्याबरोबर जातही सांगून व्हावी, हे कुणालाच बरं वाटत नसतं. सरकारी कागदांवर ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आलं, तेही याच विचारानं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ही बोलण्यावरची बंदी नाही, हा शिष्टाचार आहे. कायदा वेगळा. निवडणुकीत धर्माच्या नावानं मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं भ्रष्ट आचार ठरतं, आणि दलित-आदिवासींचा चारचौघांत जातिवाचक अपमान हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. "आता तोंड उघडायचीही सोय राहिली नाही" असं जो पुढारी म्हणतो, तो हे दोन्ही एकत्र कालवतो. शिष्टाचार पाळायला सांगितलं की त्याला तो बंदी म्हणतो, आणि कायदा आडवा आला की ‘हे काय शब्दाशब्दाला धरणं’ म्हणतो.

आता दुसरी गाठ. भाच्यानं ‘डाव’ का म्हटलं असेल?

हा शब्द अमेरिकेतून आला. तिथं आधी डाव्या चळवळीतली माणसंच फार सोवळेपणा करणाऱ्या आपल्या मित्रांना त्यावरून चिडवत. मग तो विरोधकांच्या हाती लागला. ४ मे १९९१ ला राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात त्यावर टीका केली आणि शब्द राजकारणात स्थिरावला. पण डाव कसा चालतो ते ६ ऑगस्ट २०१५ ला क्लीव्हलँडला झालेल्या अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या चर्चेत उघड दिसलं. बायकांबद्दल तुम्ही जे शब्द वापरलेत त्यांचं काय, असा प्रश्न डोनाल्ड ट्रम्प यांना एका पत्रकार बाईनं विचारला. देशाची मोठी अडचण पोलिटिकल करेक्टनेस ही आहे आणि त्यासाठी आपल्याकडे वेळ नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. सभागृहात टाळ्या पडल्या. मूळ प्रश्न बायकांचा होता, तो टाळ्यांत बुडाला. ज्याच्याकडून जाब घ्यायचा, तो देशाच्या वतीनं लढणारा ठरला आणि जाब विचारणारी नाजूक ठरली.

आपल्याकडे हे तंत्र इंग्रजी नावाविना आधीपासून होतं. ‘रोखठोक’, ‘सडेतोड’, ‘मुलुखमैदान तोफ’ ही आपली विशेषणं, आणि सगळ्यांत प्रसिद्ध ‘ठाकरी भाषा’. बाळासाहेब ठाकरे मुळात व्यंगचित्रकार. व्यंगचित्रात नाक आहे त्याहून मोठं काढावं लागतं, नाहीतर चेहरा ओळखू येत नाही. १९६० ला त्यांनी ‘मार्मिक’ हे साप्ताहिक सुरू केलं. मुंबईतल्या कंपन्यांत अधिकारी कोण आहेत, त्यांच्या नावांच्या याद्या त्यात छापून येत. नावं बहुतेक दाक्षिणात्य असत. १९६६ ला शिवसेना निघाली आणि कागदावरची ती ठसठशीत रेघ व्यासपीठावर आली.

त्यातली गुंफण बघा. मराठी पोराला मुंबईत नोकरी मिळत नाही ही तक्रार खरी होती, तिच्यामागे हजारो घरांचा अनुभव होता. त्या खऱ्या तक्रारीला दाक्षिणात्यांच्या लुंगीवरून दिलेली हाक बांधली गेली. आता कुणी म्हणालं की ही हाक बरी नाही, तर ऐकणाऱ्याला वाटायचं, याला आमच्या नोकरीचंच दुःख नाही. शब्द आणि तक्रार एकाच गाठोड्यात बांधली की शब्दावर आक्षेप घेणारा आपोआप तक्रारीचा शत्रू होतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत पक्की गाठ हीच आहे, आणि ती आजही तशीच मारली जाते. कधी दुखणं शेतीमालाच्या भावाचं असतं, कधी आरक्षणाचं, कधी परप्रांतीयांचं.

अशा भाषेची किंमत कधी मोजावी लागलीच नाही, असंही नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावानं मत मागणाऱ्या बाळासाहेबांच्या भाषणांवरून विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं आणि १९९९ ला खुद्द बाळासाहेबांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. पण समर्थकांच्या नजरेत त्यामुळे त्यांचा दरारा वाढलाच. पुढं ती भाषा वारशासारखी झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नारायण राणे महाडला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याबद्दल कानाखाली देण्याचं बोलले, त्यांना अटक झाली आणि त्याच रात्री जामीनही मिळाला. त्यांच्या बाजूनं आलेला युक्तिवाद आठवत असेल तुम्हाला : मग उद्धव योगी आदित्यनाथांबद्दल तसंच बोलले होते ते कसं चाललं? म्हणजे वाद ‘असं बोलावं का’ यावरून ‘असं बोलायचा हक्क कुणाकुणाचा’ यावर गेला.

आता टाळ्यांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. असा माणूस सच्चा का वाटतो?

आपलं मन एक हिशेब करतं. गोड बोलणाऱ्याला स्वार्थ असू शकतो. कडू बोलणारा मात्र वाईटपणा घेतोय, नुकसान सोसतोय, म्हणजे तो खरं बोलत असणार. रोजच्या व्यवहारात हा हिशेब बरोबर उतरतो. बियाणं निघणार नाही असं विकणारा दुकानदारच सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायलाच हवा. अमेरिकेतल्या हाल, किम आणि झुकरमन सिवान या अभ्यासकांनी २०१८ साली दाखवून दिलं, की आपल्याला वरच्या लोकांनी वाऱ्यावर सोडलंय असं ज्यांना वाटतं, त्यांना संकेत मोडणारा, उघड खोटं बोलणारा पुढारीसुद्धा ‘अस्सल’ वाटू शकतो. वरच्यांना जे खुपतं ते तो बोलतो, हाच त्यांच्या लेखी पुरावा असतो.

हिशेब बरोबर आहे, चूक आकड्यात आहे. नुकसान सोसतोय म्हणून खरा, हे मान्य. पण नुकसान होतंय कुठं? मांडवात बसलेल्या पाच हजार माणसांना जे ऐकायला आवडतं ते बोलण्यात, आणि मांडवात नसलेल्यांचा पाणउतारा करण्यात, धोका किती? ते गोडगोड बोलणंच झालं. फक्त गोड कुणासाठी, एवढा बदल.

हे पडताळून बघायची एक खूण मी सांगतो : माफी. एप्रिल २०१३, दुष्काळाचं वर्ष. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्यावरून जे बोलले, ते राज्यभर गाजलं. त्यांनी माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. डिसेंबर २०२१ मध्ये मंत्री गुलाबराव पाटील यांनी रस्त्यांची तुलना हेमामालिनींच्या गालांशी केली. महिला आयोगानं इशारा दिल्यावर त्यांनीही माफी मागितली.

तिसरं उदाहरण तुमच्या शेताच्या बांधापर्यंत येणारं आहे. २०१६-१७ ला तूर उदंड झाली. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये होता आणि खुल्या बाजारात तेवढं मिळत नव्हतं, म्हणून सगळ्यांची धाव खरेदी केंद्रांकडे. तिथं बारदाना नाही, माप होत नाही, रांगा हलत नाहीत, आणि २२ एप्रिलनंतर तर खरेदीच थांबवल्याचं सांगितलं गेलं. अशात मे महिन्यात जालन्यात भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांच्या तोंडून निघालं, ‘रडतात साले’. ती त्यांची गावाकडची बोली आहे, बोलणं कार्यकर्त्याशी होतं, असं समर्थन झालं. पण दुखावलेला माणूस शेतकरी होता, म्हणजे मतदार होता. दिलगिरी आली.

आता ही तिन्ही उदाहरणं अशा प्रसंगांशेजारी ठेवा, ज्यांत कुणी परप्रांतीयांबद्दल किंवा दुसऱ्या धर्माबद्दल बोललं आणि "एकही शब्द मागे घेणार नाही" म्हणून पुन्हा टाळ्या घेतल्या. एका जागी नम्रता, दुसऱ्या जागी ताठ कणा. माणसं वेगळी असतील, पण मला तरी त्यांच्या धाडसात फरक दिसत नाही. फरक आहे तो दुखावलेल्याच्या मताची गरज आहे की नाही, याचा.

त्या तुरीच्या प्रकरणातून आणखी एक गोष्ट दिसते. शब्दाचा गाजावाजा सुरू झाला तशी चर्चा ‘साले’वर गेली, बारदान्याचं उत्तर कुणी द्यायचं, हे मागे पडलं. ते ठरवून झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला ठरवून करायचं असेल, त्याला ही वाट ठाऊक असतेच.

राहता राहिलं बोलीचं. "आम्ही खेड्यातली माणसं, आमची भाषा अशीच," हे समर्थन ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. आपली वऱ्हाडी फटकळ आहे, तोंडावर बोलणारी आहे, पण ती दुसऱ्याला हीन लेखणारी भाषा नाही. तिचा सर्वांत मोठा सार्वजनिक वक्ता कोण? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ ला जन्मलेले गाडगेबाबा. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारायचे : कर्ज काढून सण कशाला, देवापुढं बकरं कशाला, दारू कशाला, माणसाला शिवायचं नाही ते कशाला? उत्तरही लोकांकडूनच काढून घ्यायचे. त्यांचा एकही फटका मांडवाबाहेरच्या माणसाला नव्हता.

एक गोष्ट तुमच्या वक्त्याच्या बाजूनंही सांगायला हवी. शिष्टाचाराचा वापर गरिबाचं तोंड बंद करायलाही होतो. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची विटंबना झाली होती, आणि १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’ साप्ताहिकात दलित पँथरचे राजा ढाले यांनी त्यावर जळजळीत लेख लिहिला. तेव्हा वाद पेटला तो लेखातल्या राष्ट्रध्वजाबद्दलच्या शब्दांवरून, आणि त्या बाया मागे राहिल्या. शिवाय कधीकधी शब्द बदलणारेही टोक गाठतात. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं का, असा प्रस्ताव मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी चर्चेला टाकला, तेव्हा अनेक बायकांनीच विचारलं, नवऱ्यावरून आमची ओळख हवीच कशाला? असा अतिरेक झाला की "बघा, हे लोक शब्दांत अडकलेत" म्हणणाऱ्याचं आयतंच फावतं. ढाले यांची भाषाही कठोर होती, पण ती खालून वर गेली आणि तिची किंमत त्यांनी स्वतः चुकवली.

तेव्हा अनसिंगच्या त्या वक्त्याला मी न ऐकता खोटा म्हणणार नाही, भाच्यानंही म्हणू नये. ती सभा फक्त एकदा आठवून बघा. टाळ्या पडल्या तेव्हा बोलणं कुणाबद्दल चाललं होतं आणि ती माणसं समोर होती का? आणि तासाभराच्या त्या स्पष्ट बोलण्यात असं एखादं तरी वाक्य आलं होतं का, की तुमच्या रांगेतली माणसं टाळी वाजवायची थांबून गप्प झाली?