ब्लॉकचेन : दहा जणींची एकच वही

ताईंनो, 'ब्लॉकचेन' हा शब्द हल्ली गावातही ऐकू येतो. तो ऐकल्यावर बऱ्याच जणींच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक 'कॉइन', नाहीतर 'चेन', म्हणजे दोन माणसं जोडा, ती आणखी दोन जोडतील, ती योजना. फसवणारे याच गोंधळाचा फायदा घेतात. म्हणून आधी हे नेमकं काय आहे ते समजून घेऊ.

वहीचं उदाहरण

गटाची वही सचिवताईंकडे असते. त्यात एखादा आकडा खोडलेला दिसला की कुजबुज सुरू होते. आता समजा, दहाही जणींकडे तीच वही आहे. बचत असो की कर्ज, नोंद दहाही वह्यांत एकदमच होते. शिवाय आपण 'मागील शिल्लक' पुढच्या पानावर ओढतो, तशी प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. कुणी जुना आकडा गुपचूप बदलला, तर पुढची पानं जुळत नाहीत आणि बाकीच्या नऊ वह्यांशी मेळही बसत नाही. चोरी लगेच उघडी पडते.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेली अशी वही. पान म्हणजे ब्लॉक, पानांची साखळी म्हणजे चेन. २००९ मध्ये बिटकॉइन अशाच वहीवर सुरू झालं. पण वही वेगळी आणि चलन वेगळं.

आपल्या राज्यात

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांसाठी ब्लॉकचेन वापरण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट, हे पटकन तपासता यावं हा हेतू. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी जिने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, तिला याचं मोल सांगायला नको.

इथे जपा

नोंद बदलता येत नाही म्हणजे ती खरीच असते, असं नाही. तुम्ही पाचशे भरले आणि लिहिताना शंभर लिहिले, तर दहाही वह्यांत शंभरच राहतील. म्हणून बैठकीत आकडा मोठ्याने वाचायचा आणि तिथेच पासबुकात बघायचा. हे काम कोणतंही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

कुणी म्हणालं, "ब्लॉकचेन आहे, पैसे बुडणारच नाहीत," तर सांगा : पक्की राहते ती नोंद, पैसा नव्हे. अशा कॉइनच्या नफ्यावर सरकार ३० टक्के कर घेतं, पण कर लागतो म्हणून ते सरकारमान्य चलन होत नाही. गटाची बचत तिथे लावू नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा.

पुढच्या बैठकीत बोला

१. आपल्या गटाची वही शेवटची सगळ्यांसमोर कधी वाचली?
२. तुमच्या पासबुकातला आकडा आणि वहीतला आकडा जुळतो का?
३. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारं कुणी गावात आलं होतं का? त्याला काय विचारायला हवं होतं?