ब्रेक व इंधनाच्या नळ्या : फ्लेअरिंगच्या हत्याराची निवड

मनोरी हे गाव मुंबई उपनगरात असले तरी मध्ये खाडी आहे. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जावे लागते; रस्त्याने जावयाचे तर भाईंदर-उत्तनमार्गे लांबचा वळसा पडतो. त्यामुळे भाजीचा टेंपो, विहिरीवरील डिझेल पंप किंवा मासेमारीच्या नौकेचे इंजिन बिघडले तर किरकोळ दुरुस्ती गावातच करण्याकडे लोकांचा कल असतो. त्यातच खाऱ्या हवेने पोलादी नळ्या लवकर गंजतात. क्लिपेखाली चिखल व ओल साचून राहते, तेथे नळी प्रथम सडते. अशी नळी बदलावयाची तर नव्या नळीचे तोंड फुलवावे लागते व त्यासाठी फ्लेअरिंगचे हत्यार लागते. हे हत्यार कसे पारखावे, याची माहिती ग्रामसेवकांना व शेतकरी बंधूंना व्हावी म्हणून हा लेख लिहिला आहे.

फ्लेअर म्हणजे काय?

नळीचे टोक कर्ण्यासारखे फुलविणे म्हणजे फ्लेअर करणे. नट आवळला म्हणजे हे फुललेले तोंड जोडाच्या बैठकीवर घट्ट दाबले जाते. येथे धातूवर धातू बसूनच गळती थांबते. वॉशर, सुतळी किंवा आट्यांवर गुंडाळावयाची पांढरी पट्टी यांचा येथे काहीही उपयोग नाही. तोंड सदोष असेल तर नट कितीही आवळला तरी जोड गळणारच. उलट जास्त आवळल्याने तोंड चिरते.

कोणत्या नळीला कोणता फ्लेअर?

ब्रेकच्या पेडलावर जोराने पाय दिला असता नळीतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅमच्याही वर जातो. म्हणून ब्रेकच्या नळीला दुहेरी फ्लेअर किंवा बबल फ्लेअरच पाहिजे. दुहेरी फ्लेअरमध्ये नळीची कड आत दुमडून तोंडाला दोन पदर केलेले असतात व त्याचा उतार ४५ अंशांचा असतो. बबल फ्लेअरचे तोंड गोलसर फुगीर असते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वाहनावरून काढलेल्या जुन्या नळीचे टोक जपून ठेवावे व तोच आकार करावा. एकेरी फ्लेअर ब्रेकला कधीही वापरू नये. तसेच निव्वळ तांब्याची नळीही ब्रेकला लावू नये. कंपाने ती कडक होऊन तडकते.

टाकीपासून इंजिनाच्या फीड पंपापर्यंतच्या डिझेल नळीत दाब थोडा असतो. तेथे तांब्याची नळी व एकेरी फ्लेअर चालतो. मात्र येथील दोष फसवा असतो. या भागात पंप डिझेल ओढत असल्यामुळे सैल जोडातून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. बाहेरून जोड कोरडा दिसतो आणि इंजिन मधूनच बंद पडते. विहिरीवर हा केवळ त्रास होय. खाडीच्या मुखाशी लाटांत असलेल्या नौकेवर तोच जिवावरचा प्रसंग होतो.

तीन ठिकाणी हे हत्यार चालवूच नये. इंजेक्शन पंपापासून नोझलपर्यंतची जाड नळी तयारच विकत घ्यावी. तिची गळती हाताने चाचपू नये; डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. सीएनजीच्या नळीत २०० किलोग्रॅमच्या आसपास दाब असतो. ते काम अधिकृत कारागिराचेच आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक जोडांचा उतार पुष्कळदा ३७ अंशांचा असतो. त्यावर ४५ अंशांचे तोंड बसल्यासारखे दिसते, पण गळते.

हत्याराचे प्रकार

(१) पट्टी व जोखडाचे हत्यार : दोन अर्ध्या पट्ट्यांत नळी पकडून वरून कोन दाबावयाचा. हे स्वस्त व सुटसुटीत असते. तांबे किंवा तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळीला चांगले. पोलादी नळी मात्र हलक्या पट्टीतून घसरते.

(२) शेगड्यात बसवावयाचे दांड्याचे हत्यार : याची पकड भक्कम असून प्रत्येक तोंड सारखे येते. गावातील कारखान्यास हेच उत्तम. मात्र वाहनाखाली पडून काम करण्यास ते उपयोगी नाही.

(३) हातपंपाचे हायड्रॉलिक हत्यार : कठीण नळीवरही चालते व वाहनावर असलेल्या नळीचेही तोंड करता येते, किंमत अधिक पडते.

दुकानात पारख कशी करावी?

मुंबईत नागदेवी रस्त्यावरील दुकानांत ही हत्यारे मिळतात. तेथे वातानुकूलन यंत्राच्या कारागिरांची हत्यारेही असतात. ती दिसावयास तशीच, पण बहुधा एकेरी फ्लेअरची असतात. दुहेरी फ्लेअरसाठी लागणारी लहान बटणे पेटीत आहेत काय, हे प्रथम पाहावे. नंतर पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. माप : ब्रेकची नळी पुष्कळदा ४.७५ मिलिमीटरची, म्हणजे ३/१६ इंची असते. पाव इंची भोक ६.३५ मिलिमीटरचे असते. त्यात ६ मिलिमीटरची नळी घसरते. पट्टीवरील भोके आपल्या नळीच्या मापाचीच असावीत.

२. पकड : दोन्ही अर्ध मिळवून उजेडासमोर धरावे. भोक गोल दिसावे व आतील खाचा स्पष्ट असाव्यात.

३. कोन : तो गुळगुळीत असावा व फिरविताना भोकाच्या मध्यावरच उतरावा.

४. बटणे : त्यांचे मधले टोक सरळ व कठीण असावे. मऊ टोक पहिल्याच पोलादी नळीत वाकते.

परंतु खरी परीक्षा कामाने होते. आपल्याजवळील नळीचा तुकडा बरोबर न्यावा आणि एकामागून एक तीन तोंडे करून पाहावीत. तिन्ही सारखी, मध्यावर व चिरेविना यावीत. नळीवर पट्टीचे खोल वळ नसावेत. एक तोंड करवतीने उभे कापून दोन्ही पदर सारखे दुमडले आहेत काय, ते पाहावे. एक तोंड चांगले आणि दोन वाकडी करणारे हत्यार स्वस्त असले तरी घेऊ नये.

काम करताना

नळी कटरने काटकोनात कापावी, आतील-बाहेरील बारीक कड काढून कीस झटकून टाकावा. नट आधी नळीत घालावा. तो विसरल्यास केलेले तोंड कापून टाकावे लागते. ब्रेकच्या नळीसाठी कोनाला ब्रेक फ्लुइडचाच थेंब लावावा. खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते. जोडल्यावर हवा काढावी, पेडल जोराने दाबून एक मिनिट धरावे व प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा. पेडल खाली सरकत असेल किंवा कागद ओला होत असेल तर वाहन रस्त्यावर नेऊ नये.

गेल्या वर्षी एका टेंपोखाली मी अशी नळी पाहिली. एकेरी तोंड, त्याला चीर आणि गळती थांबावी म्हणून नटावर गुंडाळलेली पांढरी पट्टी. मालकाने सांगितले, ‘साहेब, आठ दिवस तर गळले नाही.’ ब्रेकच्या बाबतीत आठ दिवसांचा अनुभव हा पुरावा नव्हे. नववा दिवस उतारावरचा असू शकतो.

प्रत्येकाने असे हत्यार घ्यावे, याची आवश्यकता नाही. शेतकऱ्यांच्या गटाने किंवा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने मिळून एक चांगले हत्यार घ्यावे व एका होतकरू तरुणास त्यावर हात बसेपर्यंत सराव करू द्यावा. ग्रामसेवकांनी यात पुढाकार घेतल्यास थोड्या खर्चात गावाची मोठी सोय होईल. वाया गेलेल्या दहा तुकड्यांची किंमत थोडी. गळक्या जोडाची किंमत मात्र कोणालाही परवडणारी नाही.