पेढीवरील चौकट आणि एक नवी विद्या

गेल्या वर्षी आमच्या पेढीवर संगणकावर बिल करताना दिवाणजींनी हरभऱ्याच्या ४० पोत्यांऐवजी ४० क्विंटलांचे बिल केले. पोते ५० किलोचे. म्हणजे माल २० क्विंटल आणि रक्कम दुप्पट! जुने गिऱ्हाईक दुखावले, आणि आम्ही दिवाणजींना चार माणसांदेखत नको ते बोललो.

सुटीत आलेली आमची नात, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, दिवाणजींशेजारी अर्धा दिवस नुसती पाहत बसली. आकडा भरावयाच्या चौकटीत माप लिहिलेलेच नव्हते. ते कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत होते. “आजोबा, चूक चौकट आखणाऱ्याची आहे,” ती म्हणाली. आम्हांस उत्तर सुचले नाही.

वापरणाऱ्याजवळ बसून त्याचे काम पाहावे, कागदावर कच्चा नमुना करून त्याच्या हाती द्यावा, तो कोठे अडखळतो हे टिपून नमुना सुधारावा, ही आता विद्यापीठांतून शिकविली जाणारी विद्या आहे. तीस इंटरॅक्शन डिझाईन म्हणतात. दार ढकलावे की ओढावे हे न कळल्यास दोष माणसाचा नसून दाराचा असतो, असे डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन पंडिताने १९८८ साली ग्रंथ लिहून प्रतिपादिले.

मुंबईच्या आय.आय.टी.त १९६९ साली निघालेल्या डिझाईन केंद्रात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ‘सीड’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर ‘यूसीड’ देऊन डिझाईनची चार वर्षांची पदवीही घेता येते, आणि ती परीक्षा वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनाही खुली आहे. याच केंद्रात ‘स्वरचक्र’ हा मोबाईलचा कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याची बाराखडी भोवती चक्राकार उघडते. इंग्रजी कळांशी झगडून थकलेल्या आमच्यासारख्यांस त्याचे मोल विचारावे!

बँका, रुग्णालये, सॉफ्टवेअर कंपन्या, शासकीय सेवा, सर्वत्र या कामास माणसे लागतात. तथापि पहिली नोकरी सहज मिळते असे कोणी समजू नये. तेथे गुणपत्रिकेहून विद्यार्थ्याने केलेल्या कामांचा संग्रह अधिक पाहिला जातो. केवळ सुबक पडदे रेखाटणाराची वाट बिकट आहे, कारण ते काम आता यंत्रेही करू लागली आहेत. दिवाणजींशेजारी अर्धा दिवस बसणे मात्र त्यांस अद्याप साधलेले नाही.

दिवाणजींची आम्ही क्षमा मागितली. पोती आणि क्विंटल यांचे दोन वेगळे रकाने नातीने कागदावर आखून दिले; तो कागद संगणकाशेजारी चिकटविला आहे. पदवी होताच ती ‘सीड’ला बसणार आहे. शुल्काची तजवीज आम्ही करून ठेविली आहे.